बाहेरची कड

हॉफराट रीडल यांचं ठाम मत होतं की बाईनं बर्फावर वळावं, घुमावं, फार तर गोड हसावं. पण उडू नये. उडी मारली की झगा उडतो, झगा उडला की पोटऱ्या दिसतात, आणि पोटऱ्या दिसल्या की क्लबची अब्रू जाते, असा त्यांचा सरळ हिशेब. बादशहा जाऊन बरीच वर्षं झाली होती, दरबारही बंद पडला होता, पण हॉफराट, म्हणजे दरबारी सल्लागार, ही त्यांची पदवी जागची हलली नव्हती. व्हिएन्नात माणूस जातो, पदवी राहते. तेव्हा सगळा क्लब त्यांना ‘हेर हॉफराट’, म्हणजे हॉफराटसाहेब, म्हणायचा आणि ते आले की त्यांचा ओव्हरकोट काढून घ्यायला धावायचा.

पेपी नावरातिल धावायची नाही. ती दिवसभर हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची आणि संध्याकाळी स्केट्स खांद्याला अडकवून थेट रिंकवर यायची. आपल्याला काय येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवून ठेवण्यात तिला काही शहाणपण दिसत नव्हतं. क्लबातल्या बायका याला आगाऊपणा म्हणत. पेपीच्या कानावर ते यायचं आणि ती म्हणायची, “असेल. पण आगाऊपणा करून कुणी दोन वेळा घुमून एका पायावर उतरत नाही.”

त्या वर्षी मार्चमध्ये बुडापेस्टला स्पर्धा होती आणि क्लबला एकच मुलगी पाठवायची होती. हॉफराटांच्या मनात होती एका बँकवाल्याची मुलगी. दिसायला गोड, गिरकीत सुरेख, उडी म्हणाल तर उंबरठा ओलांडण्याइतकी. पेपी सरळ क्लबच्या कचेरीत हॉफराटांपुढं गेली आणि म्हणाली, “मला उलटी उडी येते. या क्लबात ती हेर लाइटनर सोडून कुणाला येत नाही. मला पाठवा.”

“तुम्हाला येते असं तुम्हाला वाटतं, फ्रॉइलाइन,” हॉफराट म्हणाले. “बायकांचा घोटा ऐन वेळी आत कलंडतो. त्यांचा दोष नाही, ठेवणच तशी आहे.”

“मग परीक्षा घ्या.”

हॉफराटांनी चष्मा पुसला. परीक्षेला नाही म्हणणं क्लबच्या रिवाजात बसत नव्हतं, आणि रिवाज म्हणजे हॉफराटांचा जीव की प्राण.

त्या काळी स्केटिंगच्या जगात उडीला माणसाचं नाव चिकटायचं. नॉर्वेचा एक गडी फार पूर्वी याच शहरात येऊन पुढं तोंड करून उडाला आणि मागं तोंड करून उतरला; ती त्याच्या नावावर. स्वीडनचा विजेता आतल्या कडेवरून उडाला. ती त्याच्या नावावर. आणि उलटी उडी युद्धाच्या आधी व्हिएन्नातल्याच एका पोरानं मारून दाखवली होती, म्हणून या शहराचा तिच्यावर भारी जीव. सगळी नावं पुरुषांची. बर्फ मात्र बायकांनाही तेवढाच टणक लागतो.

उलट्या उडीची गंमत अशी, की बर्फ आपल्याला एकीकडे नेत असतो आणि आपण दुसरीकडे फिरायचं असतं. स्केटच्या पात्याला दोन कडा: एक बाहेरची, एक आतली. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर झुकून मागं मागं जायचं, उजव्या पायाचं टोक बर्फात रोवायचं आणि आलो त्या वळणाच्या विरुद्ध उडायचं. अंगाला हे मुळीच पटत नाही. ते ऐन वेळी लबाडी करतं. बाहेरची कड सोडून गुपचूप आतल्या कडेवर येतं आणि मग आरामात उडतं. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पण ती मग उलटी उडी राहतच नाही. ती दुसरीच, जुनी, सोपी उडी होते.

म्हणून क्लबच्या परीक्षेत हवेत बघून निकाल देत नसत. रविवारी सकाळी, लोक यायच्या आधी, रात्री पाणी मारून गुळगुळीत केलेल्या कोऱ्या बर्फावर उडी मारायची. मग परीक्षकांनी गुडघे टेकून पात्याची रेघ तपासायची. एका कडेवर असाल तर रेघ एक. कड बदलली तर बदलताना क्षणभर दोन्ही कडा टेकतात आणि रेघ दुहेरी उमटते. संधी तीन. आणि आणखी एक जुनी चाल अशी, की एखादी रेघ खेळाडूला स्वतःलाच पसंत नसेल तर तिनं ती आपल्या पात्यानं खरवडून टाकायची. मग ती उडी झालीच नाही असं धरायचं, कितीही चांगली झालेली असो.

पेपीची शिक्षिका फ्राउ वेसेली. साठी उलटलेली, डोक्यावर केसाळ टोपी, तोंडात बारीक काळा चिरूट, आणि जिभेला हाड नाही. पेपीकडून तिनं सहा वर्षं बर्फावर आठाचा आकडा गिरवून घेतला होता, पुन्हा पुन्हा, त्याच रेघेवर, केसाचाही फरक न पडता. “उड्या काय, माकडंही मारतात,” ती म्हणायची. “आधी बर्फ वाचायला शीक.”

रविवारी सकाळी थंडी अशी होती की बोलताना शब्दाआधी वाफ बाहेर यायची. रिंकभोवतीची बाकं रिकामी होती. झाडूवाले दोघे कुंपणाला टेकून ब्रेड खात होते. मधोमध तीन परीक्षक उभे होते: हॉफराट रीडल, त्यांच्या शेजारी पेन्शनीतले मेजर कोलर आणि पायात स्केट्स घातलेला एगॉन लाइटनर. लाइटनर म्हणजे क्लबचा विजेता, सलग चार वर्षं. उंच, अबोल, आणि आपण देखणे आहोत हे ठाऊक असलेला. उलटी उडी त्याला येते, तेव्हा ती ओळखणारही तोच, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. मेजरांचं स्वतःचं मत नव्हतं. ते हॉफराटांचं वापरत. हॉफराटांच्या काखेत गुडघ्याखाली घ्यायला बायकोनं भरतकाम केलेली उशी होती.

“घाबरलीयेस का?” फ्राउ वेसेलीनं विचारलं.

“कशाला घाबरू? रोज संध्याकाळी मारते.”

“ते खरं,” फ्राउ वेसेली म्हणाली, पण चिरूट चावत.

पेपी निघाली. दोन-तीन झटके, वळण, मागं झोक, टोक रोवलं आणि ती वर गेली. वर असताना तिला नेहमी वाटायचं तसंच वाटलं, की कारखाना, यंत्र, चामड्याचा वास, सगळं खाली राहिलंय. उजव्या पायावर ती अलगद उतरली आणि हात पसरून लांब मागं गेली. झाडूवाल्यांनी ब्रेड तोंडात धरून टाळ्या वाजवल्या. हॉफराटांच्या तोंडून ‘ब्राव्हो’ निघता निघता राहिला. त्यांनी त्याचा खोकला केला.

उशी खाली आली. तिघं वाकले. लाइटनरनं एकदाच पाहिलं आणि तो सरळ झाला.

“उत्तम. अगदी माझ्यासारखी.”

“हेर लाइटनरसारखी म्हणजे प्रश्नच मिटला,” मेजर म्हणाले.

हॉफराटांचा चेहरा लिंबू चोखल्यासारखा झाला. पण रिवाज तो रिवाज. “मान्य करावी लागेल,” ते म्हणाले. “बाईमाणसाच्या मानानं तर फारच चांगली.”

पेपी तोवर तिथं पोचली होती. सहा वर्षांची सवय. आपली रेघ आपण बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती वाकली. वळण सुंदर आलं होतं, एका हातानं ओढल्यासारखं, एकेरी, बारीक. पण टोक रोवल्याच्या खड्ड्याअलीकडे, वीतभर अंतरात, रेघ दुहेरी झाली होती. आणि शेवटची चार बोटं ती पुन्हा एकेरी होऊन दुसऱ्या बाजूला झुकली होती.

ती आतल्या कडेवरून उडाली होती.

आज चुकून नाही. अंगानं हे इतकं सराईतपणे केलं होतं की ते अख्ख्या हिवाळ्यातलं काम होतं. संध्याकाळी रिंकवर शेकडो माणसं, बँड वाजतोय, पोरं एकमेकांना ढकलतायत, बर्फ सगळा कापून काढलेला. तिथं कुणाची रेघ कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. गर्दीत मोकळी जागा दिसली की घाईघाईनं झोक घ्यायचा आणि उडायचं. कोऱ्या बर्फावर ही उडी तिनं आज पहिल्यांदा मारली होती.

तिनं वर पाहिलं. कुंपणापलीकडे फ्राउ वेसेली टाचा उंचावून उभी होती. तिला रेघ दिसत नव्हती, पण पेपीचा चेहरा दिसत होता, आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. तिनं मान अगदी थोडी हलवली. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता.

गप्प बसणं सोपं होतं. उडी मान्य झाली होती. बुडापेस्टचं तिकीट जवळजवळ हातात होतं. हॉफराटांना बाईच्या तोंडून नाही, बर्फाकडून हार खावी लागली होती, आणि हा घास तिनं तीन महिने मनातल्या मनात चघळला होता. पण आता तो गिळवेना. मला येते, असं ती छातीठोकपणे म्हणाली होती आणि तिला येत नव्हती. बायकांचा घोटा ऐन वेळी आत कलंडतो, हे हॉफराटांचं म्हणणं तिच्या पायाशी बर्फावर उमटलं होतं, आणि ते हॉफराटांना वाचता आलं नाही एवढ्यावर तिनं बुडापेस्टला जायचं. याचा तिला संताप आला, स्वतःचाच.

“ही ती उडी नाही,” पेपी म्हणाली.

“काय म्हणालात?” हॉफराटांनी कान पुढं केला.

“कड बदललीय. इथं बघा, दुहेरी आहे. मी आतून उडाले.”

“फ्रॉइलाइन, तुम्ही पास झाला आहात. पास झालेल्यानं परीक्षकांशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही.”

लाइटनर सौम्यपणे हसला. “टोक रोवताना वजन जरा सरकतं, तेवढंच ते. माझंही सरकतं. त्याचं काही नाही.”

पेपीला इथं थांबता आलं असतं. पण पेपीला थांबायची सवय असती तर ती पेपी कसली.

“मग हेर लाइटनर, तुमचीही ती उडी नाही.”

झाडूवाल्यांचं चावणं थांबलं. फ्राउ वेसेलीनं चिरूट तोंडातून काढला आणि आपल्या आजोळच्या चेक भाषेत काहीतरी म्हणाली, जे भल्या बाईनं रविवारी सकाळी म्हणू नये. लाइटनरचे कान लाल झाले. चार वर्षांपूर्वी त्याची उडी मान्य झाली ती संध्याकाळी, दिव्यांत, बँडच्या साथीवर, दोन हजार लोकांसमोर. विजेत्याची रेघ बघायला गुडघे कोण टेकणार?

“असं?” तो म्हणाला. “मग बघू या तुमची खरी. दोन संधी आहेत तुमच्या.”

“पण मान्य झालेली उडी,” हॉफराट म्हणाले आणि त्यांच्या आवाजात एकाएकी गोडवा आला, “ती तुम्ही स्वतः पुसलीत, तर मग ती गेली. पुढच्या दोन्ही फसल्या तर बुडापेस्ट नाही. समजून करा.”

पेपीनं पात्याची कड आडवी धरली आणि रेघेवरून दोनदा खरवडलं. पांढरा चुरा उडाला. रेघ गेली.

दुसऱ्या खेपेला तिनं बाहेरची कड दात खाऊन धरून ठेवली. कड राहिली, पण अंग वर गेलंच नाही. टोक रोवल्यावर ती हवेत तिरकी झाली आणि कमरेवर आदळली. आवाज असा आला की मेजरांनी डोळे मिटले. ती घसरत घसरत थेट फ्राउ वेसेलीसमोर कुंपणाला जाऊन लागली.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” फ्राउ वेसेली कुंपणावरून वाकून म्हणाली.

“आत्ता आलं.”

“ताटात वाढलेलं लाथाडलंस. आणि वर त्या मोराचं पीस उपटलंस. आता तो काही तुला पास करत नाही.”

“रेघ बघू दे आधी.” पेपी लंगडत गेली, वाकली आणि परत आली. “एकेरी आहे. खड्ड्यापर्यंत एकेरी.”

“हो, कड राहिली आणि तू गेलीस.”

“घाई करतेय मी. गर्दीत शिकले ना. तिथं मोकळी जागा मिळायची ती चार पावलांची, तेवढ्यात उरकायचं. खांदा आधीच फिरतो आणि मग कड सोडते, नाहीतर पडते.”

फ्राउ वेसेलीनं चिरूटाची राख झटकली. रिकाम्या रिंककडे, मग पेपीकडे पाहिलं. तिच्या आवाजातला राग गेला होता.

“मग आज कोण मध्ये येणारे तुझ्या? हे सगळं रिंक तुझ्या बापाचं आहे. घे हवं तेवढं. आणि डावा खांदा पुढंच ठेव. उडेपर्यंत सोडायचा नाही, कितीही बोंबलू दे त्याला.”

पेपी रिंकच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. कंबर ठणकत होती. तिथून तिनं मागं मागं यायला सुरुवात केली, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, इतक्या लांब आणि संथ वळणावर की मेजर हॉफराटांच्या कानात म्हणाले, “विसरली की काय?” अंग म्हणत होतं, आता. पेपी म्हणत होती, नाही. डावा खांदा पुढं होता आणि पाठीचा प्रत्येक मणका फिरायला मागत होता. पेपीनं त्याला आणखी थोडा वेळ ताटकळत ठेवलं. मग टोक रोवलं.

उडी देखणी नव्हती. एक हात वर गेला, एक भलतीकडे, झगा गुडघ्याला गुंडाळला. उतरताना पातं कर्रकन घासलं, ती जवळजवळ बसलीच आणि मोकळा पाय फेकून कशीबशी सावरली. पण ती एका पायावर उतरली होती आणि उभी होती.

उशी पुन्हा खाली आली. हॉफराट रेघेकडे ओझरतं बघून लगेच बोलू लागले. “उतरणं बघितलंत? कोंबडी भिंतीवरून उतरते तशी. पहिली किती सुंदर होती. पण पहिली तर फ्रॉइलाइननं स्वतःच्या पायानं पुसली. दुर्दैव. मला वाटतं, मेजर...”

“दुर्दैव,” मेजर म्हणाले.

लाइटनरनं उशी बाजूला सारली आणि उघड्या बर्फावर गुडघे टेकले. हातमोजा काढला. वळणाच्या सुरुवातीपासून त्यानं रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू, गुडघ्यांवर पुढं सरकत, खड्ड्यापर्यंत नेलं. एकच रेघ. मग पुन्हा मागं गेला आणि पुन्हा आला. पेपी उभी होती आणि तिला पहिल्यांदाच भीती वाटत होती. बर्फावर काय उमटलंय ते तिला माहीत होतं. या माणसाच्या पोटात काय आहे ते माहीत नव्हतं.

“हेर लाइटनर, तुमचं मत?” हॉफराटांनी विचारलं.

लाइटनर उठला. कोट काढून त्यानं मेजरांच्या हातात दिला आणि रिंकच्या पलीकडच्या कोऱ्या भागात गेला. तिथं त्यानं आपली उडी मारली, चार वर्षं सगळं शहर जिच्यावर खूश होतं ती. उंच, हलकी, सुंदर. झाडूवाल्यांचे हात टाळीसाठी वर गेले. पण तो उतरल्यावर हात पसरून मिरवत पुढं गेला नाही. थांबला, वळला, रेघेपाशी येऊन उकिडवा बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

मग उठून त्यानं ती पात्यानं खरवडून टाकली.

पुन्हा लांब वळण घेतलं. या वेळी त्यानं बाहेरची कड सोडली नाही. टोक रोवलं, अंग तिरकं झालं आणि व्हिएन्नाचा विजेता धपकन बर्फावर बसला. मेजर कोटासकट धावले आणि दोन पावलांत स्वतःच घसरून हॉफराटांना बिलगले.

लाइटनर उठला नाही. बसल्या बसल्याच त्यानं मागं वळून आपली रेघ पाहिली.

“हेर हॉफराट,” तो मोठ्यानं म्हणाला, “बुडापेस्टला हिचं नाव पाठवा. उलटी उडी मान्य. आणि माझ्या कार्यक्रमातून ती काढून टाका.”

“पण लाइटनर, तुमची तर या क्लबात...”

“मला येत नाही. आज कळलं.”

पेपी लंगडत त्याच्यापर्यंत गेली. त्याला उठवायला हात पुढं करावा असं तिच्या मनात आलं, पण तो हात मागत नव्हता. तो तिच्या पायांकडे बघत होता.

“कुठं फसली?” त्यानं विचारलं.

“डावा खांदा लवकर सोडलात,” पेपी म्हणाली. “मीही सोडत होते. उठा, दाखवते.”

तो उठला, मागं लागलेला बर्फही न झटकता, आणि तिच्या मागोमाग रिंकच्या त्या टोकाला गेला.